आपल्या बाजूचा साक्षीदार

'कोणता डॅशकॅम घेऊ?' हा प्रश्न हल्ली मित्रमंडळींच्या कुठल्याही ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतोच. कुणीतरी नवी गाडी घेतलेली असते, नाहीतर कुणाला तरी सिग्नलवर मागून ठोकलेलं असतं. अर्ध्या तासात वीस उत्तरं येतात. फोर-के घे, पैसे वाया जात नाहीत. फोर-के नको, सेन्सर कुठला आहे ते बघ. पुढचा-मागचा दोन्ही घे. बॅटरीवाला घेऊ नकोस, मे महिन्यात काचेमागे ती फुगते, कपॅसिटरवाला घे. साधं मेमरी कार्ड टाकू नकोस, सारखं लिहून लिहून लवकर मरतं. वायर लोंबकळत ठेवू नकोस, आतून ओढून घे.

सल्ले बहुतेक बरोबर असतात. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जितकं स्पष्ट दिसेल तितकं चांगलं. प्रत्यक्षात कॅमेरा निवडताना आपण आणखीही बरंच काही ठरवत असतो. तो कुणाकडे बघणार आणि कुणाकडे नाही, काय ऐकणार, काय विसरणार, आणि त्यानं पाहिलेलं शेवटी कुणाच्या हातात राहणार. हे पर्याय सेटिंग्जच्या मेन्यूत दडलेले असतात म्हणून ते तांत्रिक वाटतात. मला ते नैतिक प्रश्न वाटतात.

त्यांतला सगळ्यात अवघड प्रश्न एका छोट्याशा पर्यायात आहे. बऱ्याच डॅशकॅममध्ये जीपीएस असतं. व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर तारीख आणि वेळेशेजारी आपल्या गाडीचा वेग उमटवायचा की नाही, हे मेन्यूत निवडता येतं. स्पीड स्टॅम्प, ऑन किंवा ऑफ. यावर अनुभवी लोकांचा सल्ला ठरलेला असतो: ऑफ ठेव रे बाबा, उद्या काही झालं तर आपलाच व्हिडिओ आपल्याला नडायचा.

असा सल्ला देणारी माणसं वाईट नसतात. पण डॅशकॅमचा सगळा पेच या एका वाक्यात आहे. आपल्याला साक्षीदार हवा असतो, पण आपल्या बाजूचा.

साक्षीदार का लागतो?

तो हवासा वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. रस्त्यावर धडक झाली की पहिल्या पाच मिनिटांत काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गर्दी जमते. ज्यांनी काही पाहिलेलं नाही ते सर्वांत आधी बोलायला लागतात. चूक कुणाची हे बहुतेक वेळा वाहनाच्या आकारावरून ठरतं. दुचाकी आणि कार असेल तर कारवाल्याची, कार आणि ट्रक असेल तर ट्रकवाल्याची. मग कुणाचा आवाज मोठा आणि कुणाची ओळख वरपर्यंत, हे बघितलं जातं. ज्यानं खरोखर पाहिलेलं असतं तो कोपऱ्यावरचा टपरीवाला मात्र मान खाली घालून चहा गाळत असतो. त्याला नाव द्यायचं नसतं, कारण नाव दिलं की तारखा सुरू होतात आणि तारखेच्या दिवशी टपरी बंद राहते.

ही भीती कायद्यालाही ठाऊक आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केलं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदार धरता येणार नाही, असं ते कलम सांगतं. पण 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण या कलमापेक्षा खूप जुनी आहे, आणि तिचा अंमल अजून सुटलेला नाही.

शिवाय विश्वासाचा प्रश्न आहेच. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीनं एका मोटारसायकलला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. अशी बातमी वाचल्यावर माणूस मनाशी म्हणतो की कागद बदलतात, नमुने बदलतात, माणसं फिरतात. निदान काचेवर चिकटवलेली एक गोष्ट तरी माझ्या ताब्यात असू दे.

रोज बारा तास अॅपवर टॅक्सी चालवणाऱ्याचं उदाहरण घ्या. प्रवासी खोटी तक्रार करतो, आयडी ब्लॉक होतो, आणि त्याचं म्हणणं ऐकायला समोर माणूसच नसतो. अशा वेळी काही हजारांचा कॅमेरा ही त्याची ढाल असते. दुबळ्या माणसाला स्वतःच्या बचावासाठी पुरावा जमवायचा पूर्ण हक्क आहे, यात मला शंका नाही. शंका पुढे सुरू होते. तेच यंत्र कुणाच्या हातात आहे, त्यावर ते ढाल आहे की आणखी काही, हे ठरतं.

साक्षी म्हणजे कोण?

'साक्षी' या शब्दात डोळा आहे. पाणिनीच्या व्याकरणातही या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष पाहणारा असाच दिला आहे. उपनिषदांत एका झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचं प्रसिद्ध रूपक येतं. एक फळ खातो, दुसरा काही न खाता नुसता पाहतो. तो पाहणारा पक्षी म्हणजे साक्षी. त्याच्या पाहण्याला किंमत आहे, कारण त्याला फळात वाटा नाही.

हीच समज व्यवहारातही उतरलेली दिसते. साक्षीदार म्हणून कुणाला उभं करू नये, याची मनुस्मृतीत यादी आहे. त्या ग्रंथातल्या अनेक गोष्टी आज आपण टाकून दिल्या आहेत आणि ते योग्यच झालं. पण त्या यादीतला एक निकष आजही पटतो. त्या व्यवहारात ज्याचा स्वतःचा अर्थ गुंतलेला आहे, त्याची साक्ष घेऊ नये. गावातला पंच भांडणात नसलेला लागतो, तेही याच कारणानं.

आता काचेवरचा डॅशकॅम बघा. कॅमेऱ्याला फळ नको असतं, हे खरं. त्याला विम्याचा क्लेम नाही, लायसन्सची काळजी नाही. म्हणूनच तो आपल्याला तटस्थ वाटतो. पण तो कुठे रोखायचा, कधी चालू ठेवायचा आणि त्यातलं काय पुसायचं, या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातात असतात, आणि मालक भांडणातला एक पक्ष असतो. म्हणजे हा दुसरा पक्षी पहिल्याच्या पगारावर आहे. तो खोटं बोलत नाही, पण कधी बोलायचं ते मालक ठरवतो.

कॅमेऱ्याला किती दिसतं?

आधी थोडं तंत्राबद्दल बोलू, कारण 'कॅमेरा खोटं बोलत नाही' या वाक्यावर आपला फार विश्वास असतो.

साधारण डॅशकॅम सेकंदाला ३० चित्रं घेतो. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते, म्हणजे दोन चित्रांच्या मधे ती अर्धा मीटरहून थोडी जास्त पुढे सरकते. समोरून येणारं वाहनही तेवढ्याच वेगात असेल तर हे अंतर एक मीटरच्या पुढे जातं. रात्री प्रकाश कमी म्हणून कॅमेरा एकेका चित्रासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि त्या वेळात हललेली नंबरप्लेट पुसट होते. त्यात आपल्याच हेडलाइटचा उजेड चकाकणाऱ्या नंबरप्लेटवरून परत येतो आणि आकडे पांढरेफटक पडतात. खोक्यावर फोर-के लिहिलेलं असलं तरी खंबाटकी घाटात रात्री कट मारून गेलेल्या गाडीचा नंबर त्यात सापडेल, अशी खात्री नाही. पिक्सेलच्या आकड्यापेक्षा सेन्सरला अंधारात किती दिसतं, हे महत्त्वाचं असतं. दुकानातल्या लखलखाटात ते कळत नाही.

वाइड अँगल लेन्सचंही असंच. जास्त रस्ता टिपता यावा म्हणून ती लावलेली असते, पण तिच्यात समोरच्या वस्तू असतात त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतात. म्हणजे आपण पुढच्या गाडीला किती चिकटून चालवत होतो, ते व्हिडिओत सौम्य होऊन येतं. यात कुणाची लबाडी नाही, काचेचा तो धर्मच आहे. पण त्याचा फायदा कॅमेरा लावणाऱ्याला होतो.

चौकटीबाहेरचा माणूस

सगळ्यात मोठी गोष्ट जी पुढच्या कॅमेऱ्यात कधीच येत नाही, ती म्हणजे गाडी चालवणारा स्वतः.

अमेरिकेत याबद्दल बरंच काही घडलं आहे. मार्च २००१ मध्ये जॉर्जिया राज्यात एका १९ वर्षांच्या तरुणाची गाडी मर्यादेपेक्षा जास्त वेगात सापडली. तो थांबला नाही. पाठलागात एका पोलिसानं त्याच्या गाडीला मागून धडक दिली, गाडी रस्त्याबाहेर गेली, आणि तो तरुण मानेखाली कायमचा लुळा पडला. पोलिसांच्या गाडीत कॅमेरा होता. 'स्कॉट विरुद्ध हॅरिस' या नावानं खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ मध्ये आठ विरुद्ध एक मतानं निकाल पोलिसाच्या बाजूनं लागला. टेप स्वतःच काय ते सांगते, असा न्यायालयाचा एकूण सूर होता. न्यायालयानं तो व्हिडिओ आपल्या संकेतस्थळावर ठेवलासुद्धा.

मग डॅन कहान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोच व्हिडिओ सुमारे १,३५० अमेरिकन लोकांना दाखवला. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य लोकांना न्यायालयाचं पटलं. पण काळे, कमी उत्पन्नाचे आणि उदारमतवादी विचारांचे लोक त्याच टेपमध्ये वेगळं काहीतरी पाहण्याची शक्यता जास्त होती. एवढ्या धोक्यासाठी एवढी धडक गरजेची होती का, याचं उत्तर टेपमध्ये नव्हतं. ते पाहणाऱ्याच्या आयुष्यातून येत होतं.

दुसरा अभ्यास २०१९ चा आहे. पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात त्या पोलिसाचं शरीर फारसं दिसत नाही. गाडीवरच्या कॅमेऱ्यात तोच पोलीस समोर दिसतो. त्याच प्रकारच्या घटना दोन्ही कॅमेऱ्यांतून दाखवल्या, तेव्हा छातीवरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांना त्या पोलिसाच्या कृतीत हेतुपुरस्सरपणा कमी वाटला. करणारा माणूस चौकटीत दिसत नसेल तर त्यानं ते मुद्दाम केलं, असं आपल्या मनाला कमी वाटतं.

आपल्या गाडीत आपली जागा त्या छातीवरच्या कॅमेऱ्यामागच्या पोलिसाची आहे. कट मारणारा रिक्षावाला दिसतो, मधेच घुसलेला डिलिव्हरीवाला दिसतो, झेब्राच्या बाहेरून रस्ता ओलांडणारी बाई दिसते. तीन सेकंद मोबाइलकडे पाहणारे आपण मात्र दिसत नाही. म्हणून रस्त्यावरचे व्हायरल व्हिडिओ बघताना आपण नकळत कॅमेऱ्याच्या मालकाच्या सीटवर बसतो आणि समोरच्याला शिव्या घालतो. अशा व्हिडिओत चालवणाऱ्याबद्दल काही सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे खालच्या पट्टीवरचा वेग. आणि सल्ला असतो, तेवढी ऑफ ठेव.

आतला कॅमेरा

तीन चॅनेलचे डॅशकॅम आता सर्रास मिळतात: पुढे, मागे आणि आत. आतला कॅमेरा अंधारातही इन्फ्रारेडनं बघतो आणि बहुतेक वेळा त्याला माइक असतो.

टॅक्सीवाल्यानं तो लावणं मी समजू शकतो. प्रवाशाला दिसेल अशी सूचना चिकटवली, तर त्यात गैर काही वाटत नाही. पण घरच्या गाडीत, पगारी ड्रायव्हर असताना, तो का लावला जातो? उत्तर साधं असतं: ड्रायव्हर झोपतो का, फोनवर बोलतो का, गाडी कुठे नेतो, ते कळावं म्हणून. काळजी खोटी नाही. मागच्या सीटवर आपली मुलं असतात. पण तोच माणूस साहेबांची दोन-दोन तास वाट बघत त्याच गाडीत डबा खातो, बायकोशी बोलतो, डुलकी काढतो. ते सगळं एका कार्डावर साठत जातं, आणि ते कार्ड त्याच्या मालकाच्या खिशात असतं. त्याला विचारून लावला, असं कुणी म्हणेल. पण नोकरी हातात असलेल्या माणसानं विचारल्यावर 'नको' म्हणायची सोय किती जणांना असते?

याला एक साधी कसोटी लावता येते. रविवारी ड्रायव्हर सुट्टीवर असताना, आपण स्वतः गाडी चालवतो तेव्हा, आतला कॅमेरा चालू राहतो का? सोमवार ते शनिवार चालू आणि रविवारी बंद असेल, तर हेतू सुरक्षिततेचा उरत नाही. तिथे एक बघणारा आहे आणि एक बघितला जाणारा.

आवाजाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. अनेक डॅशकॅममध्ये माइक विकत घेतल्यापासूनच चालू असतो. गाडी ही आपल्याकडे घरापेक्षा मोकळी जागा आहे. सासूबद्दल, पगाराबद्दल, मुलाच्या लग्नाबद्दल जे घरात बोलता येत नाही ते लोक एक्सप्रेस-वेवर बोलतात. अपघातात चूक कुणाची, हे सांगायला यातल्या एका वाक्याचीही गरज नसते.

विसरण्याचा गुण

डॅशकॅमची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो विसरतो. एक ते तीन मिनिटांचे तुकडे करून तो कार्डावर लिहीत राहतो आणि कार्ड भरलं की सर्वांत जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. ६४ जीबीच्या कार्डावर साध्या फुल एचडीत अंदाजे आठ-दहा तासांचा प्रवास मावतो. धक्का बसला तर सेन्सर त्या वेळचा तुकडा कुलूपबंद करतो, म्हणजे तेवढा पुसला जात नाही. बाकीचं सगळं आपोआप जातं. रस्त्यावर चालणाऱ्या हजारो अनोळखी माणसांच्या दृष्टीनं हे बरं आहे. ती कुणाच्या तरी संग्रहात कायमची अडकत नाहीत.

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं १५ मे २०१८ रोजी यावरच बोट ठेवलं. काही कारण नसताना सतत चित्रण करून साठवणं हे माहिती-संरक्षण कायद्याचं उल्लंघन आहे, कारण थोड्या थोड्या वेळानं पुसणारं आणि धडकेलाच जपून ठेवणारं तंत्र उपलब्ध आहे, असं त्या न्यायालयाचं म्हणणं. आणि तरीही त्या अपघाताच्या खटल्यात तो व्हिडिओ पुरावा म्हणून विचारात घेता येईल, असाही निकाल दिला. नोंदीची पद्धत चुकीची, पण तिच्यातलं सत्य कामाचं, ही दोन्ही वाक्यं एका निकालात मावू शकतात.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा खाजगी, घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. त्यामुळे स्वतःपुरता डॅशकॅम लावणाऱ्या माणसाला काय योग्य, हे बरंचसं स्वतःच ठरवावं लागतं. चुकीच्या बाजूनं आलेल्या स्कूटरवाल्याचा चेहरा आणि नंबर संगीत लावून रील म्हणून टाकायचा, की क्लिप वाहतूक पोलिसांना पाठवायची? दोन्हींत 'मी फक्त खरं दाखवलं' असं म्हणता येतं. पण पोलिसांकडे गेलेल्या क्लिपला चलन आणि दंड असा शेवट असतो. रीलला शेवट नसतो. त्या माणसाची मुलगी दहा वर्षांनी ते बघू शकते. कॅमेरा विसरायला तयार होता. विसरू दिलं नाही ते आपण.

साक्षीदाराला यावं लागतं

आता जालन्याची गोष्ट. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, चित्रण होतं. तरी प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, कारण चित्रणाच्या प्रतींसोबत कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र मागूनही मिळत नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकानं साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन 'हे माझं, मीच वापरतो' असं सांगितलं, तर मात्र वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही कलम ६३ खाली प्रमाणपत्राची अट आहे.

वकिलांसाठी ही प्रक्रियेची बाब आहे. मला त्यात वेगळंच दिसतं. न्यायालय म्हणतं की यंत्रानं पाहिलं एवढं पुरेसं नाही, त्याच्यामागे उभं राहून हे खरं आहे असं म्हणणारा माणूस पाहिजे. डॅशकॅम घेतला म्हणजे साक्ष देण्याच्या कटकटीतून आपण सुटलो, असं वाटत असेल तर ते खरं नाही. चहा गाळणारा टपरीवाला ज्या पायरीला घाबरत होता, ती चढावीच लागते.

मग स्पीड स्टॅम्पचं काय? संविधानाचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडू देत नाही. हा हक्क मोलाचा आहे. पोलीस कोठडीत काय होऊ शकतं, हे माहीत असलेल्या देशात तर फारच. त्यामुळे कुणी म्हणेल की मी माझ्या बचावासाठी कॅमेरा घेतला, स्वतःविरुद्ध पुरावा तयार करायची जबाबदारी माझी नाही. कायद्याच्या भाषेत हे म्हणणं टिकावं. घडून गेल्यावर पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे, पण आधीच वेग न नोंदवणं हा गुन्हा नाही.

पण हक्क सरकारविरुद्ध असतो. समोर रस्त्यावर पडलेला माणूस म्हणजे सरकार नव्हे. त्याला उत्तर देताना 'मला बोलायची सक्ती नाही' हे वाक्य तोंडातून निघणं अवघड जातं. आपण ७५ वर होतो की ४५ वर, यावर त्याच्या घरच्यांना मिळणारी भरपाई आणि उरलेल्या आयुष्यभराचा एक प्रश्न अवलंबून असतो.

ज्यांना काच नाही

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के आणि पायी चालणारे सुमारे १९ टक्के. म्हणजे दर दहा मृतांमागे सहाजणांकडे कॅमेरा चिकटवायला समोर काचच नव्हती. हेल्मेटवर कॅमेरा लावणारे रायडर असतात, पण दूधवाला, कंपनीतून सायकलनं परतणारा कामगार, बाजारला निघालेली आजी, यांच्याकडून कोण बघतं?

डॅशकॅमची संख्या वाढत जाईल तशी ही विषमता वाढणार. प्रत्येक धडकेत एका बाजूकडे नोंद असेल, आणि ती बहुतेक वेळा जास्त जड वाहनाची बाजू असेल. सगळ्यांनी आपापल्या बाजूचा साक्षीदार बाळगला, तर ज्यांना तो परवडत नाही त्यांच्या बाजूनं कुणीच उरणार नाही.

पण हे यंत्र आणखी एका प्रकारे वागू शकतं. रशियात पोलिसांवरचा अविश्वास आणि विम्याच्या फसवणुकी यांमुळे डॅशकॅम फार लवकर पसरले. शुद्ध स्वसंरक्षणासाठी. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात एक उल्का फुटली, खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. कामाला निघालेल्या लोकांच्या डॅशकॅमनी ती टिपली होती. तशा अनेक व्हिडिओंवरून शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग आणि सूर्याभोवतीची कक्षा काढली. आपापल्या भांडणासाठी लावलेले कॅमेरे मिळून सगळ्या जगासाठी साक्षीदार झाले.

उल्का रोज पडत नाही. पण आपल्यासमोर दुसऱ्या कुणाचा अपघात मात्र होतो. पुढच्या कंटेनरनं एका मोटारसायकलला घासलं, ती पडली, कंटेनर निघून गेला. आपली गाडी धडकलेली नाही, त्यामुळे सेन्सरनं काही कुलूपबंद केलेलं नाही. आठ-दहा तासांत ते पुसलं जाणार आहे. इथे कॅमेऱ्याचा मालक त्या झाडावरच्या दुसऱ्या पक्ष्याच्या जागी असतो. त्याला या फळात वाटा नाही. तो खराखुरा साक्षी होऊ शकतो, आणि नेमकं याच वेळी त्याला उशीर होत असतो.

मग कोणता घ्यावा?

मित्रांना मी हल्ली असं उत्तर देतो. पुढे आणि मागे बघणारा घे, आतला नको; टॅक्सी असेल तर आतला घे, पण प्रवाशाला दिसेल अशी पाटी लाव. रिझोल्यूशनच्या आकड्याआधी रात्रीचा नमुना व्हिडिओ बघ. कपॅसिटरवाला घे, कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं घे, महिन्यातून एकदा तारीख-वेळ बरोबर आहे का ते तपास. चुकीच्या वेळेचा व्हिडिओ कोर्टात आपल्यालाच गोत्यात आणतो. माइक बंद ठेव. हातानं क्लिप जपून ठेवायचं बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेव, कारण ते तुझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या कामी येण्याची शक्यता जास्त. अनोळखी माणसाला पडलेलं पाहिलंस तर ते दाब, गाडी बाजूला घे, आणि त्याच्या घरच्यांना किंवा पोलिसांना तुझा नंबर दे.

आणि स्पीड स्टॅम्प ऑन ठेव. यावर एक मित्र म्हणाला, "अरे, मग मला पूर्ण रस्ता लिमिटमध्येच चालवावी लागेल." मी म्हटलं, हो.